जनुकाची परीक्षा : आधी प्रश्न, मग यंत्र

नुकताच एक प्रयोगशाळा-अहवाल आमच्या पाहण्यात आला. एका औषधनिर्मात्याने आपल्या घनवटीची पेशींवर चाचणी करवून घेतली होती आणि ‘बीसीएल-एक्स जनुकाची अभिव्यक्ती दुप्पट झाली’ हे वाक्य माहितीपत्रकावर छापण्याचा त्यांचा मानस होता. खर्च मोठा, यंत्र अद्ययावत, आलेखही सुबक. परंतु औषध पेशीला तारते की मारते, हे त्या वाक्यावरून कळत नाही.

गुळवेल एकच, तिचा स्वरस, क्वाथ आणि सत्त्व हे कल्प मात्र भिन्न. जनुकाचेही काहीसे तसेच आहे. जनुकावरून उतरलेल्या आरएनएतील काही खंड गळतात व उरलेले सांधले जातात. जनुके अशी खंडित असतात, हे १९७७ साली उघड झाले. त्याबद्दल रिचर्ड रॉबर्ट्स व फिलिप शार्प यांना १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ही सांधणी पर्यायी रीतींनीही होते. बीसीएल-एक्सचा दीर्घ प्रकार पेशीला मृत्यूपासून वाचवतो. १८९ अक्षरांनी आखूड असलेला ऱ्हस्व प्रकार तिला मृत्यूकडे नेतो. उपरोक्त चाचणीत प्रायमर दोन्ही प्रकारांना समान असलेल्या भागावर योजले होते. साहजिकच दोहोंची बेरीज मोजली गेली. त्यांचे परस्पर प्रमाण अज्ञातच राहिले.

दोष यंत्राचा नव्हे, योजनेचा. चरकाचार्यांनी परीक्षेत प्रत्यक्ष, अनुमान व आप्तोपदेश यांच्या बरोबरीने युक्तीलाही स्थान दिले आहे. येथे तीच उणी पडली.

प्रकार ठाऊक असतील, तर बदलत्या भागाच्या दोन्ही बाजूंस प्रायमर योजून साधी आरटी-पीसीआर चाचणी करावी. जेलवर दोन पट्टे वेगळे दिसतात. मात्र पीसीआरमध्ये आखूड तुकडा अधिक सहज वाढतो. म्हणून नेमके प्रमाण हवे असल्यास प्रत्येक प्रकाराच्या सांध्यावरच बसणारे प्रायमर घेऊन रिअल-टाइम पीसीआर करावी. अज्ञात प्रकार शोधावयाचे असतील, तरच आरएनए सीक्वेन्सिंगचा व्याप सयुक्तिक ठरतो. त्यातही आखूड वाचनांतून सांधे कळतात; संपूर्ण रेणूची रचना पाहण्यास दीर्घ वाचनाची पद्धती लागते. दोन प्रकारांच्या प्रश्नासाठी ती घेणे म्हणजे चिमूटभर चूर्णासाठी घाणा जुंपणे होय.

पद्धती कोणतीही असो, डीएनएची भेसळ वगळणारी नियंत्रण-चाचणी, केवळ द्रावक दिलेल्या पेशींशी तुलना, स्वतंत्र पुनरावृत्ती आणि अखेरीस प्रथिनाची खातरजमा यांची मागणी औषधनिर्मात्यांनी पैसे भरण्यापूर्वीच करावी.

‘आम्हांस जनुकांशी काय कर्तव्य?’ असे काही वैद्यबंधू म्हणतील. रुग्णाचा अग्नी, बल व प्रकृती पेशींच्या तबकडीत दिसत नाहीत, हे आम्हीही मानतो. परंतु मग त्या तबकडीचा दाखला माहितीपत्रकावरही नसावा. दाखला द्यावयाचाच, तर तो परीक्षेस उतरणारा असावा. अन्यथा एका सदोष अहवालापायी शास्त्राची अप्रतिष्ठा होईल आणि तिचे उत्तर रुग्णासमोर बसलेल्या वैद्यालाच द्यावे लागेल.