शेतीच्या ट्रॅक्टरवर सुताच्या गाठी

मालेगावात सुताच्या गाठी न्यायला व्यापारी शेतीचा ट्रॅक्टर-ट्रॉली बोलावतात. मीही बोलावली आहे, खोटे का बोलू? भाडे स्वस्त पडते. पण १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने ट्रॉलीही वाहनच आहे, तिची नोंदणी वेगळी लागते. भाड्याचा माल भरला की ही जोडी मालवाहू ठरते, परमिट लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली ट्रॅक्टर-ट्रॉलीला मालवाहू वाहनच मानले. दंड एकवेळ भरता येईल, पण गाठीवर बसलेला हमाल खाली पडला तर? विमा शेतीपुरता, कंपनी दावा अडवते. त्याच्या बायकापोरांना काय सांगणार? छोट्या मालकांना नोंदणी सोपी करून द्या, ही मागणी रास्तच आहे. तोवर व्यापारी बंधूंनो, गाठी चढवण्याआधी दोन्हींची आर.सी. बुके मागून पाहा.