टाकी आपोआप भरते, तेव्हा

वाचकहो, घरातील पाण्याची मोटर हा आरोग्यविषयक सदराचा विषय कसा, असा प्रश्न आपल्या मनात येईल. परंतु ज्या घरात सत्तरी ओलांडलेली माणसे राहतात आणि मुले पुण्या-नागपुरास नोकरीला असतात, त्या घरात टाकी भरली की नाही हे पाहण्यासाठी गच्चीचा जिना चढणे हे दिवसातील सर्वांत धोक्याचे काम असते. म्हणूनच अलीकडे अनेक कुटुंबे वडीलधाऱ्यांसाठी स्वयंचलित नियंत्रक असलेली मोटर बसवून घेतात. वरची टाकी रिकामी झाली की मोटर सुरू होते, भरली की बंद होते आणि खालच्या हौदात पाणी नसेल तर ती चालूच होत नाही. व्यवस्था उत्तम आहे. मात्र नवी मोटर बसवल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ती अडते, आणि नेमके तेव्हाच वृद्ध माणूस पुन्हा जिना चढू लागतो.

यवतमाळ जिल्ह्यात या अडचणीला आणखी एक बाजू आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह या धरणांनी तळ गाठला आणि यवतमाळ शहराने तीव्र पाणीटंचाई अनुभवली. तेव्हापासून पाणी साठवून ठेवण्याची सवय घराघरांत अधिकच रुजली. उन्हाळ्यात येथे पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते. त्यातच नळाला पाणी नाही असे दिसले, की वृद्ध माणसे पाणी पुरवून वापरू लागतात. आधी स्नान टाळतात, मग शौचास जावे लागू नये म्हणून पाणी पिणेच कमी करतात. मे महिन्यात दोन दिवस बंद पडलेली मोटर ही अशा घरात केवळ गैरसोय राहत नाही. शरीरातील पाणी कमी होऊन भोवळ येणे, लघवीचा दाह, पडणे, अशी आजारपणाची सुरुवात तेथून होऊ शकते.

मोटर अडली म्हणजे ती जळाली, असे समजू नये. नव्या जोडणीतील बहुतेक अडचणी मोटरीत नसून पाणी, हवा, विजेचा दाब किंवा तरंगता गोळा यांत असतात. त्या ओळखण्याचा क्रम पाहू.

मोटर सुरूच होत नाही. प्रथम घरातील दिवे लागतात का ते पाहावे. मग नियंत्रकाच्या पेटीवरील दिवे पाहावेत. वीज परत आल्यावर काही नियंत्रक मुद्दाम थोडा वेळ थांबतात, जेणेकरून दाब स्थिर व्हावा. दाब २३० व्होल्टच्या बराच खाली गेला असेल, तर चांगला नियंत्रक मोटरीला चालूच देत नाही. खालच्या हौदात पाणी नसेल तरीही तो थांबतो. या तिन्ही प्रसंगी यंत्र बिघडलेले नसते, ते मोटरीची राखण करीत असते. दहा-पंधरा मिनिटे वाट पाहावी आणि हौदात पाणी आहे का, हे घरातील धडधाकट माणसाकडून पाहून घ्यावे.

मोटर चालते, पण पाणी चढत नाही. हौदातून पाणी ओढणाऱ्या मोटरीने हवा धरली, असे आपण म्हणतो ते हेच. पाइपाच्या नव्या सांध्यातून हवा आत जात असेल, किंवा तळाच्या फूट व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकून पाइपातील पाणी खाली उतरत असेल. अशी मोटर जमिनीवरून व्यवहारात साधारण सात मीटर खोलीपर्यंतचेच पाणी ओढू शकते, हेही ध्यानात ठेवावे. एक-दोन मिनिटांत पाणी आले नाही तर मोटर बंद करावी. कोरडी चालल्याने तिच्या आतील सील जळते. मोटरीत पाणी भरून हवा काढण्याचे काम मुख्य कळ बंद करून जाणत्या माणसानेच करावे.

टाकी भरून वाहते. तरंगत्या गोळ्याची वायर पाइपात गुंतली असेल, किंवा गोळा टाकीच्या भिंतीला टेकून अडकला असेल. गोळ्याऐवजी सळ्या असतील, तर बोअरच्या जड पाण्याचे क्षार त्यांवर बसतात आणि त्यांना पाण्याचा अंदाज येईनासा होतो. जिन्यावरून वाहणारे पाणी वृद्धांसाठी घसरण्याचे निमित्त ठरते. म्हणून मोटर हाताने बंद करावी, जिना वाळेपर्यंत त्यावर पाऊल ठेवू नये आणि कारागिरास बोलवावे.

मोटर सारखी चालू-बंद होते. गोळ्याच्या वायरीला पुरेशी मोकळीक दिली नसेल, तर पाणी थोडे उतरताच मोटर सुरू होते. नळ उघडताच चालणारा प्रेशर पंप असेल आणि तो रात्री आपोआप घरघरत असेल, तर कोठेतरी एखादा नळ किंवा संडासाची टाकी गळत आहे, असे समजावे.

कळ पडते. एमसीबी अथवा आरसीसीबी पडली, तर ती एकदाच वर करून पाहावी. पुन्हा पडली, तर तिसरा प्रयत्न करू नये. आरसीसीबी ही माणसाचा जीव राखणारी कळ आहे. घरगुती जोडणीत ती ३० मिलिअँपिअर इतक्या गळतीला वीज तोडणारी असावी. 'सारखी पडते म्हणून काढून टाकू' असे कोणी सुचवले, तर ते मुळीच मान्य करू नये. नळाला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर ओल्या जागेपासून दूर होऊन, कोरड्या हातांनी आणि पायात चप्पल घालून घराची मुख्य कळ बंद करावी व लगेच वायरमनला बोलवावे.

एक नियम मात्र कधीही मोडू नये. वीज गेली आहे म्हणून स्वयंचलित मोटरीला हात लावू नये, कारण वीज येताच ती पूर्वसूचनेशिवाय सुरू होते. शेतावर ऑटो स्विच वापरणाऱ्या ज्येष्ठांनीही हे लक्षात ठेवावे. शिवाय शेतीपंपांना ऑटो स्विच लावू नयेत, असे आवाहन महावितरण वारंवार करते. वीज येताच सगळ्या मोटरी एकाच क्षणी सुरू होतात आणि रोहित्रावर एकदम भार येतो, हे त्यामागील कारण आहे.

आता काळजीवाहकांसाठी. कारागीर घरातून जाण्यापूर्वी त्याच्याकडून चार गोष्टी करून घ्याव्यात: टाकी भरल्यावर मोटर आपोआप थांबते का, खालचा गोळा खाली सोडल्यावर थांबते का, वीज घालवून पुन्हा आणल्यावर नीट सुरू होते का, आणि 'ऑटो'वरून 'मॅन्युअल'वर कशी घ्यायची. ही चौथी गोष्ट आई-वडिलांनी स्वतःच्या हाताने दोन-तीनदा करून पाहिली पाहिजे. नियंत्रकाची पेटी तळमजल्यावर, डोळ्यांच्या उंचीवर, उजेडात आणि कोरड्या जागी बसवावी. तिच्याशेजारी मोठ्या अक्षरांत एक कागद लावावा: बंद कशी करायची, हाताने कशी चालवायची, कोणाला फोन करायचा. आरसीसीबीवरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून ती पडते का, हे पाहावे.

टाकी भरण्यास लागणारा वेळ ही मोटरीची नाडी समजावी. ५०० लिटरची टाकी पहिल्या दिवशी २० मिनिटांत भरली, तर मिनिटाला २५ लिटर पाणी चढते. हा वेळ त्याच कागदावर लिहून ठेवावा. पुढे तो ३० मिनिटांवर गेला, तर मोटर बंद पडण्याची वाट न पाहता तपासणी करून घ्यावी.

आणखी एक बाब सहसा सुटते. गोळ्याची वायर आत सोडण्यासाठी टाकीच्या झाकणाला भोक पाडले जाते, किंवा झाकण अर्धवट उघडे राहते. डेंग्यू पसरवणारा डास एवढ्या फटीतून आत शिरतो. फट बुजवून झाकण घट्ट बसवावे. तसेच मोटर नवी झाली म्हणून बोअरचे पाणी पिण्यायोग्य होत नाही. आपल्या जिल्ह्यातील केळापूर, झरी जामणीसारख्या भागांत भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आढळते. लिटरमागे १ मिलिग्रॅम ही त्याची स्वीकार्य मर्यादा असून, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत सूट आहे. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने ते दाट होते. म्हणून पिण्याच्या पाण्याची तपासणी वेगळी करून घ्यावी.

शेवटी, स्वयंचलित मोटर असली तरी तळमजल्यावर दोन दिवस पुरेल इतके पाणी झाकून ठेवावे, पिण्याचे वेगळे आणि वापरण्याचे वेगळे. वापरण्याच्या पाण्याचे भांडे आठवड्यातून एकदा रिकामे करून, घासून, कोरडे करावे. एवढी शिदोरी घरात असली, की मोटर अडल्यावर कोणालाही घाई करावी लागत नाही. आई-बाबांना रोज फोन करताना 'जेवलात का?' याबरोबर 'नळाला पाणी आहे ना?' हेही विचारावे. आणि ज्येष्ठ वाचकहो, त्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर ते संकोच न करता सांगावे. मुलांना उगाच त्रास नको म्हणून स्वतः गच्चीकडे मात्र निघू नये.