कॅमेऱ्यावर सोपवावे ते काय?

कार्तिकी पौर्णिमा झाली, चातुर्मास संपून साधू-साध्वींचे विहार सुरू झाले, की बारामती-इंदापूरच्या व्यापारी घरांत लग्नाच्या बोलण्यांना वेग येतो. मालाची पारख हा या घरांचा पिढीजात गुण. कापडाचा पोत बोटांना कळतो, गुळाची जात रंगावरून ओळखता येते. छायाचित्रकाराशी बोलणी करताना मात्र हीच जाणती माणसे चाचपडतात. कारण येथे माल आधी पाहावयास मिळत नाही. पैसे मोजायचे ते अजून न काढलेल्या चित्रांसाठी. आणि चित्र बिघडले म्हणून लग्न काही पुन्हा लावता येत नाही.

या भीतीपोटी घरातील तरुण मंडळी मोबाइलवर शंभर-दीडशे चित्रे जमवतात आणि ‘अगदी अशीच हवीत’ म्हणून छायाचित्रकाराच्या हाती यादी देतात. उदयपूरच्या राजवाड्यातील कोणा वधूची ऐट मग बारामतीच्या मंगल कार्यालयात उभी करावयाची असते. बिचारा छायाचित्रकार दिवसभर यादीतील एकेका ओळीवर खूण करीत राहतो, आणि समोर जे खरोखर घडत असते तिकडे त्याची पाठ असते.

मायऱ्याचा प्रसंग घ्या; गुजराती घरांत त्याला मामेरु म्हणतात. वधूचा मामा पाटावर उभा राहतो, वधूची आई त्याला टिळा लावून ओवाळते, तो तिच्या मस्तकावर चुनडी पांघरतो. त्या क्षणी ती कोणाची आई नसते, कोणाची सून नसते. माहेरची लेक असते. तिच्या डोळ्यांतले पाणी कोणत्याही यादीत लिहून ठेवता येत नाही. ते टिपणारा हवा असेल तर त्याला मोकळे सोडावे लागते. कोठे उभे राहावे, कोणाकडे पाहावे, हे त्याचे त्याला ठरवू द्यावे लागते. बारामतीत 1962 साली तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय सुरू करणाऱ्या शिक्षणसंस्थेचे नावच ‘अनेकान्त’ आहे. त्या गावाला तरी एकाच प्रसंगाच्या अनेक बाजू असतात हे वेगळे सांगावयास नको.

या विश्वासाचा एक जुना दाखला जैन घरातलाच आहे. राजा दीनदयाळ (1844–1905) यांचा जन्म मेरठजवळच्या सरधना येथे एका जैन कुटुंबात झाला. रुरकीला अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे काढण्याच्या नोकरीस लागले, आणि पुढे हैदराबादच्या सहाव्या निजामाचे छायाचित्रकार झाले. 1892 मध्ये त्यांनी हैदराबादेत स्त्रियांसाठी स्वतंत्र जनाना स्टुडिओ काढला. तेथील कारभार केनी-लेव्हिक नावाच्या इंग्रज बाईंकडे होता. पडद्यातल्या स्त्रियांचे चित्र परपुरुषाने काढू नये, ही त्या घराण्यांची मर्यादा होती. दीनदयाळांनी तिच्याशी हुज्जत घातली नाही. तिला शोभेल अशी व्यवस्था उभारली. प्रकाश कोठून घ्यावा, बैठक कशी मांडावी, हा भाग मात्र कलेच्या जाणकारांकडेच राहिला.

आजच्या घरांच्याही मर्यादा आहेत, आणि त्या न सांगितल्यामुळे घोटाळे होतात. सर्वांत मोठा घोटाळा संध्याकाळचा. सूर्यास्तापूर्वीचा तास हा छायाचित्रकारांचा लाडका. कोवळ्या, सोनेरी उन्हात चेहरे खुलतात. नेमका तोच तास चौविहार पाळणाऱ्यांच्या भोजनाचा. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. माहीत नसलेला छायाचित्रकार ‘आणखी पाचच मिनिटे’ म्हणत वधूवरांना थांबवून ठेवतो, आणि ज्यांच्या लग्नात गाव जेवले ती दोघे रात्रभर उपाशी राहतात. वास्तविक पहाटेचे ऊनही तितकेच कोवळे असते. नियम आधी कळला तर कल्पक माणूस सकाळचा मुहूर्त साधतो. कळलाच नाही तर त्याला दोष कसा द्यावा? देरासरात कोठवर कॅमेरा न्यावा, महाराजसाहेबांसमोर काय करू नये, हेही घरातल्या वडीलधाऱ्यांनीच सांगावयाचे असते.

लग्नाआधीच्या चित्रीकरणासाठी अलीकडे इंदापूर तालुक्यातील भिगवण, कुंभारगाव या बाजूस जाण्याची हौस वाढली आहे. उजनी धरणाचे पसरलेले पाणी, उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर येणारे पळसदेवचे प्राचीन मंदिर, आणि हिवाळ्यात उतरणारे रोहित पक्षी. स्थळ सुंदर आहे, यात वाद नाही. परंतु वधूवरांच्या मागे गुलाबी थवा उडताना दिसावा म्हणून नाव पुढे दामटणे किंवा ड्रोन सोडणे, ही कल्पकता नव्हे. हे पक्षी उथळ पाण्यात चिखल चाळून पोट भरतात; चरताना त्यांना वारंवार उठवणे म्हणजे त्यांच्या तोंडचा घास काढणे. अहिंसेचे व्रत सांगणाऱ्या घराच्या अल्बमात असे चित्र कसे शोभावे?

राहिला व्यवहार. येथे मात्र संकोच करू नये. निवडक पंचवीस चित्रे कोणालाही दाखवता येतात. एका लग्नाचा अथपासून इतिपर्यंतचा अल्बम मागून पाहावा. त्या दिवशी स्वतः कोण येणार आणि चित्रांच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवल्या जाणार की नाही, हे लिहून घ्यावे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या सतराव्या कलमानुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा असतो. मात्र करारात उलट अट नसेल तरच. अशी अट स्टुडिओच्या छापील फॉर्मवर बारीक अक्षरांत असू शकते, आणि तीवर सही झाली की लेकीचे चित्र जाहिरातीच्या फलकावर कधी, कोठे लागेल याचा निर्णय घरच्यांकडे उरत नाही. विसार देण्यापूर्वी तो कागद चष्मा लावून वाचावा, आणि नको ती ओळ छायाचित्रकारासमोरच खोडून तेथे दोघांनी सही करावी.