मत वाया जातं का?

बचत गटाच्या बैठकीत एकीने विचारलं, "ताई, छोट्या पक्षाला मत दिलं की ते वायाच जातं ना?" आमच्याकडे निवडणूक लागली की 'मतं खायला उभा केलाय' हे हमखास ऐकू येतं. मलाही पूर्वी तसंच वाटायचं.

पण मैत्रिणींनो, पुण्याचंच बघा. २०१२ च्या महापालिका निवडणुकीत मनसेचे २९ नगरसेवक आले, काँग्रेस आणि भाजप दोघंही मागे पडले. २०१७ ला मनसे थेट २ वर! भाजपची लाट होती, हे खरंच. पण प्रभागही बदलले होते. आधी दोन नगरसेवकांचा प्रभाग, मग बहुतेक ठिकाणी चारांचा. एवढा भाग घरोघर फिरायचा तर माणसं आणि पैसा हवा. तो छोट्या पक्षाकडे कुठला?

मुंबईत प्रभागात एकच नगरसेवक. तिथे २०१७ ला शिवसेना ८४, भाजप ८२. २२७ च्या सभागृहात बहुमत कुणालाच नाही. मग मनसेच्या अवघ्या ७ जणांना भाव आला, आणि त्याच वर्षी त्यातले ६ शिवसेनेत गेले. ज्या बायकांनी मनसेला मत दिलं, त्यांना कुणी विचारलं का?

आमच्या माळेगावच्या नगरपंचायतीतही प्रभागाला एकच नगरसेवक. थोड्या मतांनी निकाल फिरतो, म्हणून मोठे पक्षही दारात येतात. मी तिला म्हटलं, "मत वाया जात नाही गं, पण निवडून आल्यावर हा पक्षात राहील का, ते आधी विचार."

ती म्हणाली, "मग लेखीच घेऊ का?"