‘लपाछपी’ची सर ‘छोरी २’ला का नाही?

हडपसरच्या गाडीतळावर रस्त्याला दोन फाटे फुटतात. एक सोलापूरकडे निघतो, दुसरा दिवे घाट चढून सासवडला जातो. सोलापूर रस्त्याला लोणी काळभोर, थेऊर, उरुळी कांचन मागे पडता पडता उसाचे फड दिसू लागतात. सासवडला सरदार पुरंदऱ्यांचा वाडा आहे, ‘तुंबाड’चं काही चित्रीकरण तिथलंच. गेल्या काही वर्षांत मराठी मातीतून जे दोन अस्सल भयपट निघाले, त्यातला एक असा उसातला, दुसरा वाड्यातला. ‘लपाछपी’ २०१७ साली आला, ‘तुंबाड’ २०१८ साली.

हडपसरकरांना उसाची ओळख नव्याने करून द्यायला नको. मगरपट्टा सिटी उभी राहिली ती सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी एकत्र केलेल्या चारशेहून अधिक एकर जमिनीवर, आणि त्या शेतांत एके काळी ऊस डोलत होता. आज त्याच परिसरात मल्टिप्लेक्सचे पडदे आहेत आणि शुक्रवारी रात्री आयटीतली तरुण मंडळी तिथे भयपटांना गर्दी करतात. या प्रेक्षकाला हल्ली भयपटांचे दुसरे भाग सारखे वाढले जातात. ते पहिल्याच्या तोडीचे असतात का, हा प्रश्न म्हणूनच विचारायला हवा. सगळ्यात आधी तो ‘लपाछपी’बद्दल विचारायला हवा, कारण मराठी भयपटाचं काय चुकतंय ते तिथे सर्वांत स्पष्ट दिसतं.

दिग्दर्शक विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’ची गोष्ट चार ओळींत सांगता येते. कर्जात बुडालेला तुषार आपल्या आठ महिन्यांच्या गरोदर बायकोला, नेहाला घेऊन शहरातून पळतो. ड्रायव्हर त्यांना आपल्या गावाकडच्या घरी आणतो. घराच्या चहूबाजूंनी ऊस. घरात तुळसाबाई. पूजा सावंतची नेहा आणि उषा नाईक यांची तुळसाबाई समोरासमोर येतात, तेव्हा आधी दिसते ती माया. बाळंतपणाला आलेल्या लेकीचे करावेत तसे नेहाचे लाड होतात. ताटात वाढलं जातं, केसांवरून हात फिरतो. त्याच हाताचा हळूहळू पहारा होतो. नेहा उसात पळते, डोक्याहून उंच पात्यांमधून वाट काढते आणि फिरून त्याच अंगणात येते.

या भीतीचं मूळ भुतात नाही. तुळसाबाईला मुलगी नको आहे, आणि ही इच्छा बोलून दाखवणारी ती महाराष्ट्रातली पहिली बाई नाही. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने १९८८ साली केला, केंद्राचा कायदा १९९४ साली आला. तरी २०११ च्या जनगणनेत राज्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८९४ मुली उरल्या होत्या आणि बीड जिल्ह्यात ८०७. मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला पुरलेले १९ भ्रूण सापडले. त्यानंतर चारच महिन्यांनी, १४ जुलैला ‘लपाछपी’ चित्रपटगृहांत लागला. म्हैसाळची बातमी वाचलेल्या माणसाने पडद्यावरचं ते घर पाहिलं असेल, तर त्याला दचकवायला कर्कश पार्श्वसंगीताची गरज पडली नसेल.

हाच चित्रपट फुरिया यांनीच २०२१ मध्ये ‘छोरी’ या नावाने हिंदीत केला. नेहाची साक्षी झाली, तुळसाबाईची भन्नो देवी झाली. नुसरत भरुचा आणि मीता वशिष्ठ दोघींची कामं चांगली होती, आणि कथेचा कणा शाबूत राहिल्याने चित्रपट तरला. पण बोली बदलली, गाव उत्तरेकडचं झालं, आणि तुळसाबाईचा जो ओळखीचा सूर अंगावर काटा आणायचा तो निसटला. मराठी घरांतल्या कितीतरी प्रेक्षकांना तुळसाबाईत आपल्या नात्यातली कोणीतरी दिसली होती. भन्नो देवी ही त्यांच्यासाठी पडद्यावरचीच बाई राहिली.

मग ११ एप्रिल २०२५ रोजी प्राइम व्हिडिओवर ‘छोरी २’ आला. साक्षीची मुलगी आता मोठी झाली आहे, तिला पळवून नेलं जातं आणि आई तिच्यामागे पुन्हा त्या उसात शिरते. सोहा अली खानने दासी माँ केली आहे आणि ती मन लावून केली आहे. कोवळ्या मुलींना अघोरी प्रथेच्या दावणीला बांधणाऱ्या समाजाबद्दल चित्रपटाला तळमळीने काही म्हणायचं आहे, हेही मान्य करायला हवं. हेतूत खोट नाही.

तरीही हा दुसरा भाग पहिल्याच्या जवळपास पोचत नाही.

कारण त्यात उसाखाली भुयारं निघतात, भुयारात अख्खी एक दुनिया निघते, तिचे नियम निघतात, दासी माँच्या अंगी अद्भुत शक्ती येते. ‘लपाछपी’त तुळसाबाईकडे कसलीच जादू नव्हती. तिच्याकडे होतं ते घर, स्वयंपाकघर आणि वडीलकीचा अधिकार. त्या अधिकारापुढे सून गप्प बसते, नवरा मान खाली घालतो, हे पाहून छातीत धडकी भरायची. दुष्टपणा एकदा भुयारातल्या अघोरी शक्तीच्या माथी मारला की प्रेक्षकाची सुटका होते. असले लोक कुठेतरी जमिनीखाली राहतात, आपल्या घरात नाहीत, असं म्हणून तो टीव्ही बंद करून झोपायला मोकळा होतो. पहिल्या भागाने ही सुटका दिली नव्हती.

पहिल्या भागाशी तुलना करणंच अन्यायाचं आहे, असा एक युक्तिवाद नेहमी होतो. पहिल्या वेळेचा धक्का पुन्हा कसा बसणार, असं म्हणतात. त्यात थोडं तथ्य आहे आणि त्याचं मराठीतलं उदाहरण म्हणजे महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’. १९९३ च्या त्या चित्रपटात दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू मरता मरता बाहुल्यात शिरतो आणि लक्ष्याच्या मागे लागतो. कल्पना ‘चाइल्ड्स प्ले’ या १९८८ च्या अमेरिकी चित्रपटावरून सुचलेली, पण रामदास पाध्ये यांचा बाहुला आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांचा लक्ष्या यांनी ती पुरती मराठी करून टाकली. लक्ष्या खरं सांगतोय आणि कोणीच त्याच्यावर विश्वास ठेवत नाही, यात त्या चित्रपटाची सगळी गंमत आणि सगळी भीती होती. बेर्डेंचा चेहरा एकाच क्षणात हसवायचा आणि कासावीसही करायचा.

बरोबर वीस वर्षांनी, २०१३ साली ‘झपाटलेला २’ आला तो मराठीतला पहिला थ्री-डी चित्रपट म्हणून. बाहुला जास्त सफाईने हलत होता, वस्तू पडद्यातून अंगावर येत होत्या. पण बेर्डे २००४ सालीच गेले होते. त्यांच्या लक्ष्याच्या मुलाची गोष्ट पुढे नेताना तंत्रावर जेवढी मेहनत घेतली, तेवढी मेहनत नव्या भीतीच्या शोधात दिसली नाही. बाहुला जिवंत आहे हे आता सगळ्यांनाच ठाऊक होतं. एकटं पडलेल्या माणसाची घुसमट गेली, पाठलाग उरला. धक्का दुसऱ्यांदा बसत नाही हे खरं, पण म्हणून प्रेक्षकाच्या पुढ्यात नवा चष्मा ठेवून भागत नाही.

दुसरा भाग जमतो, याचे दाखलेही आहेत. रिडली स्कॉट यांच्या १९७९ च्या ‘एलियन’मध्ये अंतराळयानात एकच जीव होता. जेम्स कॅमेरॉन यांनी १९८६ च्या ‘एलियन्स’मध्ये संख्या वाढवली, पण त्याबरोबर नायिका रिप्लीच्या आयुष्यात एक पोरकी मुलगीही आणली. स्वतःचा जीव वाचवण्याची गोष्ट त्या पोरीला वाचवण्याची झाली आणि भीतीचा रोखच बदलला. अलीकडचा ‘स्त्री २’ घ्या. २०१८ च्या ‘स्त्री’त चंदेरीतले पुरुष रात्री घराबाहेर पडायला घाबरत होते. २०२४ च्या दुसऱ्या भागात सरकटा हे शीर नसलेलं भूत गावातल्या स्वतंत्र वृत्तीच्या बायकांना उचलून नेतं आणि पहिल्या भागातली भीतिदायक स्त्रीच आता गावाला हवीहवीशी वाटते. गाव तेच, मित्रांची टोळी तीच, पण प्रश्न उलटा फिरवलेला. विनोदाचा भर कमीअधिक झाला असेल, कथेने मात्र पुढचं पाऊल टाकलं होतं.

हिंदीत गेल्यामुळेच बिघडतं, असाही निष्कर्ष काढायचं कारण नाही. आदित्य सरपोतदार यांचा ‘मुंज्या’ हिंदीतच आहे. त्यात पुणं आहे, कोकण आहे, मुंज होऊन गेलेल्या पोराचं पिंपळावरचं भूत आहे आणि सुहास जोशी यांची आजी आहे. भाषा बदलूनही त्याने पिंपळ सोडला नाही. ‘छोरी २’ने उसाचा फड ठेवला, पण त्या फडातली माणसं सोडून दिली.

आता ‘तुंबाड २’ची वाट पाहिली जाते आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘तुंबाड’ पुन्हा चित्रपटगृहांत लागला, पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला आणि त्याच वेळी दुसऱ्या भागाची घोषणा झाली. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांचा या दुसऱ्या भागात सहभाग नाही. ज्यांच्या हाती तो आहे त्यांनी मूळ चित्रपटाचा शेवट पुन्हा एकदा नीट पाहावा. नायक विनायक वर्षानुवर्षं पिठाची एक बाहुली घेऊन हस्तर या राक्षसाच्या गर्भगृहात उतरतो आणि जिवंत परततो. एकदा मात्र बापलेक बऱ्याच बाहुल्या घेऊन उतरतात, आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर समोर उभे राहतात. हावेने विनायकाचं काय झालं, ते पाहिलेल्यांना दुसऱ्या भागात आणखी मोठा हस्तर नको आहे.

मुद्दा अखेर मराठी निर्मात्यांपाशी येतो. ‘लपाछपी’चा दुसरा भाग मराठीत झालाच नाही, झाला तो रिमेकचा. आणि त्यासाठी विषय शोधायला भुयारात उतरावं लागलं नसतं. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांच्या पाहणीतून बाहेर आलं की त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढली गेली आहेत. पाळीच्या, आजारपणाच्या खाड्यांची मजुरी बुडू नये, मुकादमाचा दंड बसू नये, हे त्यामागचं एक कारण होतं. त्याच उसाच्या फडात, त्याच बाईच्या शरीराभोवती फिरणारी ही गोष्ट ‘लपाछपी’नंतर दोनच वर्षांत वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानांवर होती. मराठी भयपटाने मात्र ती उचलली नाही.

रिमेकचे हक्क जरूर विकावेत, पैसा लागतोच. पण मराठीतला पुढचा भाग मराठीत करण्याचा हक्क निर्मात्यांनी स्वतःकडे राखावा आणि तो भाग लिहिताना थ्री-डी तंत्रज्ञाच्या आधी ऊसतोडीच्या अड्ड्यावरच्या बाईला भेटावं. तोवर ‘छोरी २’ पाहून ज्यांना चुकल्यासारखं वाटलं, त्यांनी मूळ ‘लपाछपी’ शोधून पाहावा आणि शक्यतो घरातल्या थोरामोठ्यांना सोबत घेऊन पाहावा.