साक्षीतून गाळलेली नावे



आपल्या पर्वत पाटियातल्या घरोघरच्या प्रार्थनासभांत साक्ष देण्याची एक रीत पडून गेली आहे. "मी अंधारात होतो, प्रभूने हाक मारली, मी बदललो." सगळे आमेन म्हणतात. पण बायबल हातात कोणी दिले, चर्चच्या पायरीपर्यंत कोण सोबत आले, हे कोणी सांगत नाही. विचारले तर उत्तर तयार असते, "माणसांची नावे घेतली की देवाचे गौरव कमी होते."

मला हे मान्य नाही. ही नम्रता नव्हे, हा कृतघ्नपणा आहे.

पंडिता रमाबाईंकडे पाहा. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वॉन्टेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे कित्येक वर्षांनी त्यांना उमगले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडायचा राहिला होता. "सगळे प्रभूनेच केले" असे म्हणण्याचा अधिकार त्यांच्याइतका कोणाला? तरी 1907 सालच्या आपल्या साक्षीत त्यांनी माणसे गाळली नाहीत. सिल्चरमध्ये उत्पत्तीचा पहिला अध्याय समजावून सांगणारे मिशनरी ॲलन, पुण्यात नवा करार शिकवणाऱ्या मिस हर्फर्ड, फादर गोऱ्हे हे सगळे त्यात आहेत. फुलहॅमला पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांची सेवा पाहून त्यांचे मन हलले, तेव्हा शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवणारी सिस्टरही आहे. यामुळे ख्रिस्ताचे गौरव तसूभर तरी कमी झाले का?

कोणी म्हणेल, अशाने व्यक्तिपूजा वाढते. धोका खरा आहे. करिंथच्या मंडळीत "मी पौलाचा, मी अपुल्लोसचा" असे तट पडले, तेव्हा पौल त्यांच्यावर रागावला. पण त्याच पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात नावांमागून नावे घेतली. कोणी त्याच्यासाठी जीव धोक्यात घातला, कोणाची आई त्यालाही आईसारखी झाली, सगळे लिहिले. तट पाडणे वेगळे, उपकार स्मरणे वेगळे. आणि छप्पर उघडून पक्षाघाती माणसाला खाली सोडणारे ते चौघे आठवा. येशूने त्यांचा विश्वास पाहिला, असे मार्क सांगतो.

आता माझी चूक. माझा बाप्तिस्मा लहानपणीच झाला होता, पण बी. ए. करताना बायबल कपाटातच असे. शेजारी नवापूरकडची एक मैत्रीण राहायची. ती साड्यांना टिकल्या चिकटवण्याचे काम घरी आणायची. "तू शिकलेली आहेस, मला वाचून दाखव," असे म्हणून तिने माझ्याकडून रोज संध्याकाळी लूकचे शुभवर्तमान वाचून घेतले. हात टिकल्यांवर, कान वचनावर. मी मोठ्या ऐटीत शंका काढायचे. ती म्हणायची, "मला नाही माहीत गं, पण पुढे वाच." पुढे वाचता वाचता मी विश्वासात आले. ती गावी परत गेली. मी धर्मशिक्षिका झाले, अनेकदा साक्ष दिली, आणि तिचे नाव एकदाही घेतले नाही. शिकलेल्या बाईला टिकल्या लावणारीने विश्वासात आणले, हे सांगायला मला लाज वाटत होती. देवाच्या गौरवाचे ते फक्त निमित्त होते.

ही गोष्ट जुनी म्हणून सोडून देता येत नाही. आजही नंदुरबार, नवापूर, धुळ्याकडची मुले लूमच्या खात्यावर, साडीच्या मार्केटमध्ये कामाला येतात. एका खोलीत चार-पाच जण राहतात. रविवारी शेवटच्या बाकावर बसतात, उपासना संपली की निघून जातात. आपण म्हणतो, "प्रभू त्यांना सांभाळील." हो, पण कोणाच्या हातांनी? साक्षीतून मित्र गाळले, तर मित्र होणे हीसुद्धा सेवा आहे, हे ऐकणाऱ्याला कळणार कसे?

म्हणून पुढची साक्ष देताना एक तरी नाव घ्या. ते माणूस हयात असेल तर आजच फोन करा. मी केला. ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "अजून वाचतेस ना?"

आणि या रविवारी शेवटच्या बाकावर जाऊन बसा.

हे प्रभू, ज्यांच्या खांद्यांवरून तू आम्हांला तुझ्यापाशी आणलेस, त्यांना आशीर्वाद दे, आणि आमचे खांदेही कोणाच्या तरी कामी येऊ दे. आमेन.