संबळ कधी वाजणार?

संशोधन म्हटले की आपल्यापुढे प्रयोगशाळा आणि अवजड यंत्रे उभी राहतात. मी पडलो वाणिज्य शाखेचा. मला खतावणी आठवते. त्याला कारण माझा मावसभाऊ.

दादा मेकॅनिकल इंजिनियर. ‘गेट’ उत्तीर्ण होऊन तो हैदराबादेतच एका संस्थेत, सरकारी प्रकल्पावर ज्युनियर रिसर्च फेलो म्हणून लागला. घरी पेढे वाटले. प्रकल्प संपला की नोकरी संपली, हे त्याने जाणूनच पत्करले होते. विद्यावेतनही बरे. २०१९ साली ते २५ हजारांवरून ३१ हजार झाले, १ जानेवारी २०२३ पासून ३७ हजार, घरभाडे निराळे. पण गेल्या वर्षी पाच महिने हाती छदामही आला नाही! कन्नडमध्ये पगाराला ‘संबळ’ म्हणतात. आमची कानडी आजी रोज विचारी, “संबळ बंतेनो?” आम्ही म्हणायचो, “नाही आजी, अजून वाजला नाही!” सारे हसत, दादा मात्र खोलीचे भाडे उसनवारीने भरीत होता.

असे का व्हावे? अनुदान हप्त्याहप्त्याने येते. आधीच्या हप्त्याचा खर्चाचा तक्ता आणि विनियोग प्रमाणपत्र गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. पैसा जनतेचा, तेव्हा हिशेब हवाच. परंतु कागद कुठल्या तरी टेबलावर अडतो आणि उपास घडतो तो फेलोला. यंत्र महिनाभर थांबू शकते, खानावळवाला थांबत नाही. अंदाजपत्रकात यंत्रसामग्री, प्रवास अशा रकान्यांशेजारी ‘मनुष्यबळ’ हाही एक रकाना असतो. त्यातला ‘मनुष्य’ विसरला जातो, ‘बळ’ तेवढे वापरले जाते.

उस्मानियाचे इंजिनियरिंग कॉलेज १९२९ पासून आणि आय. आय. टी. २००८ पासून असलेले हे शहर. इथल्याच कंपनीचे ‘विक्रम-एस’ रॉकेट १८ नोव्हेंबर २०२२ रोजी आकाशात झेपावले. अशा शहरात हुशार तरुण संशोधन सोडून पहिल्या मिळेल त्या नोकरीकडे वळले, तर दोष कोणाचा?

उपाय साधा आहे. प्रत्येक संस्थेने एक फिरता निधी ठेवावा, त्यातून दरमहा विद्यावेतन द्यावे आणि हप्ता आला की वळते करून घ्यावे. कुठलाही किराणा दुकानदार नोकराचा पगार असाच भागवतो.

वाणिज्याच्या मित्रांनो, उद्या त्या टेबलांवर आपल्यापैकीच कोणी बसणार आहे. तेव्हा समोरच्या कागदामागे एक माणूस जेवायचा थांबला आहे, एवढे ध्यानात ठेवू या.